कौलांचा बोगदा

काका विलायतेहून परत आला तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. नेमकं वय सांगता येत नाही, कारण 'तुरी फुलावर आल्त्या तव्हा तू झाली' एवढंच मायनं मला माझ्या जन्माबद्दल सांगितलेलं. आमचं गाव वाटूरहून परतूरकडं जाताना वाटेच्या थोडं आत. हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असला की परतूरच्या गाडीची शिट्टी बारीक ऐकू यायची, आणि ती ऐकू आली की माय जात्यावर बसायची. घर मूळचं मेंढरांचं. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या वडिलांनी हिंडणं सोडून जमीन धरली, तरी वाड्याच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या आवाराच्या, कडेला दहा-पंधरा मेंढ्या कायम असायच्या, आणि आबांच्या हातात टकळी. शेतातून आले, तोंड धुतलं, की ओसरीच्या खांबाला टेकून ते लोकर कातायला बसत. बोलणं फार नव्हतं त्यांचं. टकळी जमिनीला टेकली की टक्क असा आवाज व्हायचा, आणि त्यावरून ते बसलेत की उठले हे आम्हाला आत कळायचं. माझे वडील मी अंगावर पीत असतानाच पान लागून गेले, म्हणजे साप चावून. त्यामुळं घरात आबा, माय, मी आणि काकाची बायको गोदाकाकू एवढीच माणसं. वर्षभरात कुणी मोठ्यानं बोललं असं व्हायचं नाही.

काका परतूरला उर्दू शाळेत थोडा शिकला होता. तिथल्या स्टेशनावरच्या एका मिस्त्रीनं त्याचा हात बघून त्याला रेल्वेच्या कारखान्यात चिकटवला. पुढं लढाईच्या दिवसांत इकडचे काही कारागीर काम शिकायला विलायतेला पाठवले, त्यांत त्याचं नाव लागलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काकू तेव्हा सोळा-सतराची असेल. तो गेला आणि ती आमच्या घरात राहिली, मायच्या हाताखाली. त्याचा निरोप वर्षाकाठी कधीतरी यायचा, खुशाल आहे एवढाच. गावातल्या बाया विहिरीवर तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या की विलायतेला गेलेला माणूस मडम ठेवतोच. काकू घागर भरायची, डोक्यावर घ्यायची आणि चालायला लागायची. घरी येऊन तिनं ते कधी मायला सांगितलं नाही, मायनं कधी विचारलं नाही. मला माहीत होतं कारण मी तिच्याबरोबर छोटी कळशी घेऊन असायची.

लढाई संपल्यावर काका आला. अंगात जाड कोट, त्यातून धुराचा आणि तेलाचा वास. सोबत एक पत्र्याची पेटी, तिच्यात हत्यारं आणि एक पिवळी फूटपट्टी. कारखान्यात परत रुजू होण्याचा हुकूम यायचा होता, तो आज येईल उद्या येईल म्हणता म्हणता लांबत गेला, आणि तोवर तो आबांबरोबर शेतात जायचा. झोपायचा ओसरीवर. काकू आत, माय आणि मी यांच्याजवळ. असं का, ते मला कुणी सांगितलं नाही. दिवसा तर सासऱ्यासमोर नवरा-बायकोनं बोलायची रीतच नव्हती. त्याला विलायतेत काळ्या चहाची सवय लागलेली. आमच्या घरात चहा नव्हता; त्यानं पुडा आणला, आणि काकूनं गूळ घालून तो उकळायला शिकून घेतला. तयार झाला की ती कप उंबऱ्यावर ठेवायची आणि आत वळायची. काका उठून घ्यायचा. कधी तो उशीर करायचा आणि चहावर साय धरल्यासारखा पापुद्रा यायचा, तरी ती परत येऊन 'घ्या' म्हणायची नाही.

आल्यावर पहिल्या आठवड्यातच पारावर त्याचं हसं झालं होतं. लोकांनी विचारलं, तिकडं काय काम करत होता. तो म्हणाला, जमिनीखालून चालणाऱ्या गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात होतो. मग कुणी विचारलं, जमिनीखाली गाडी गेली तर धूर कुठं जातो. तो म्हणाला धूर नसतो, बिजलीवर चालते. तेव्हा तर माणसं पोट धरून हसली. एकानं विचारलं की वर नांगरताना फाळ लागत नाही का डब्याला. आबा तिथंच बसले होते. घरी आल्यावर त्यांनी टकळी हातात घेतली आणि काकाकडं न बघता एवढंच म्हणाले, "ते पारावर पुन्हा काढू नको." काका पुन्हा पारावर गेलाच नाही.

गाड्यांचं काम सुरू झालं ते माझ्यामुळं, असं मला फार वर्षं वाटत होतं. कडबा घरी आलेला होता. आम्ही पोरं ज्वारीच्या धांड्याची साल सोलून, आतला पांढरा भेंड कापून बैलगाड्या करायचो. जोडायला बाभळीचे काटे. मी ओसरीवर अशीच गाडी करत बसले होते. काका शेतातून आला आणि माझ्याशेजारी टेकला. थोडा वेळ बघून म्हणाला, "चाक मोठं झालं गं." मी म्हटलं, खेळातली तर आहे. तो म्हणाला, "खेळातली असंल, पण हे चाक खऱ्या गाडीला लावलं तर बैलाच्या शिंगाच्या वर जाईल. चाक मोठं झालं का सगळी गाडी खोटी झाली." मग त्यानं पेटीतून ती पिवळी पट्टी आणली आणि मला पहिल्यांदा प्रमाण शिकवलं. हा शब्द त्यानं वापरला नाही. तो म्हणायचा, 'बराबर लहान करायचं'. मोठ्यातलं सगळं लहान करायचं, पण सगळं सारखंच लहान करायचं, आपल्या आवडीचं थोडं कमी लहान करायचं नाही.

आणि मग मला म्हणाला, बैलगाडी तर सगळेच करतात, आपण दुसरं करू. कुंभारानं शाळेच्या छपरासाठी भाजलेली नळीची कौलं तडकली म्हणून आमच्या वाड्यामागं टाकून दिलेली होती. दोन कौलं एकमेकांवर पालथी-उताणी ठेवली की गोल नळा होतो. काकानं त्याचं तोंड मोजलं, बोटांवर काही हिशेब केला, आणि म्हणाला की खऱ्या बोगद्यातल्या एका फुटाला आपल्या बोटाची अर्धी रुंदी धरायची. म्हणजे गाडीचा अख्खा एक डबा हातभर लांब, आणि माणूस तीन बोटांनाही थोडा कमी. तडकलेल्या भेगा शेणामातीनं लिंपून आम्ही वाड्याच्या भिंतीकडेनं चांगला लांब बोगदा घातला. आत तुराटीचे रूळ. दोन नव्हे, चार. कारण तिथं बिजली वेगळ्या रुळांतून येते.

मला वाटलं आता माणसांनी भरलेली गाडी करायची. पण काका माणसांची गाडी करायला तयारच नव्हता. ती काय सगळ्यांनी बघितलीय, तो म्हणायचा, जणू आमच्या गावातल्या प्रत्येकानं ती पाहिली होती. त्याला करायच्या होत्या त्या गाड्या तिथल्या लोकांनीही कधी पाहिलेल्या नसायच्या. रात्री शेवटची गाडी गेली, रुळांतली बिजली बंद केली, की या निघायच्या. रूळ बदलायला, खडी टाकायला, पाणी उपसायला, आणि पहिली गाडी यायच्या आत परत आपल्या जागी जाऊन उभ्या राहायच्या. काकाच्या कारखान्यात दुरुस्तीला याच यायच्या. कुरूप, ठेंगण्या, एकीचं तोंड दुसरीसारखं नाही. पहिलं आम्ही केलं ते पोटात बिजली साठवणारं इंजिन. दोन्ही टोकांना तोंड, धुराडं नाही, आणि बोगद्यात बसावं म्हणून खांद्यात मान घालून बसलेल्या माणसासारखं. भेंडाचं अंग, वर सालीच्या पट्ट्या, काजळ आणि डिंकाचा रंग. चाकं मातीची. ती वळून रात्री चुलीच्या आरात, निखाऱ्यांत, पुरायची आणि सकाळी काढायची. पहिल्या खेपेला निम्मी तडकली. पुढच्या खेपांना फारशी तडकली नाहीत, आणि आम्ही समजलो की आमचा हात बसला. आर कुणीतरी मध्ये उठून सारखा करतं, वर राख ओढतं, हे आमच्या लक्षातही आलं नाही.

मग रूळ वाहून नेणारी लांब सपाट गाडी झाली. मग बर्फाचं इंजिन. ते काकाचं सगळ्यांत लाडकं. तिथं गाडी काही ठिकाणी जमिनीखालून वर उघड्यावर येते, आणि हिवाळ्यात तिथल्या रुळांवर बर्फाचा पातळ थर धरतो. त्यातून बिजली जात नाही, गाडी जागच्या जागी उभी राहते. म्हणून दोन जुने डबे मधोमध कापून, त्यांची तोंडाकडची अंगं पाठीला पाठ लावून जोडून हे इंजिन केलेलं. पोटाखाली तारांचे ब्रश. ब्रशासाठी आम्ही आबांच्या घोंगडीचे राठ केस कापले. काका ते बसवताना सांगत होता की थर खरवडताना निळ्या ठिणग्या उडतात आणि आजूबाजूची घरं क्षणभर दिवसासारखी दिसतात. तो सांगायचा जरा मोठ्या आवाजात. मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेली असायची, तरी तो वाड्यातल्या माणसाला ऐकू जावं असा बोलायचा. मला वाटायचं कारखान्यात राहून माणसं अशी मोठ्यानं बोलत असतील.

ओसरीकडून आतल्या खोलीत जाणाऱ्या दाराला अर्धा पडदा असायचा, जुन्या लुगड्याचा. त्याच्यामागं काकूची कामाची जागा. डाळ निवडणं, शेंगा फोडणं, अंबाडी खुडणं. तिनं त्या गाड्यांकडं कधी मान वळवून पाहिलं नाही. एकदा मी इंजिन तिच्यासमोर धरून म्हटलं, काकू, बघ ना. ती म्हणाली, "बाजूला घे, डाळीत रंग पडंल." मला तिचा राग आला होता. या घरात कुणालाच काही कळत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. काका आणि मी सोडून.

बोगद्यात झाडणाऱ्या बायकांची गोष्ट मात्र माय ऐकायला बाहेर आली. काका सांगत होता की रात्री गाड्या बंद झाल्यावर बायकांची टोळी झाडू, ब्रश घेऊन बोगद्यात उतरते. दिवसभर इतकी माणसं जातात, त्यांचे गळालेले केस, कपड्यांचा तूस, धूळ, हे सगळं रुळांत साठतं आणि ठिणगी पडली तर पेटतं. ते त्या बायका हातानं काढतात. माय म्हणाली, "म्हंजी इतक्या लांब जाऊनबी झाडायला बायाच." काका हसला. मी त्या बायका चिंध्यांच्या केल्या आणि त्यांना नऊवारी नेसवली. काका म्हणाला त्या विजारी घालतात. मायनं कानावर हात ठेवले. शेवटी त्यानं पट्टी लावून माझ्या बायकांची उंची मोजली आणि म्हणाला, "उंची बराबर हाये. मंग लुगडं राहू दे." तूस म्हणून आम्ही आबांच्या लोकरीचा उडालेला चुरा रुळांत भुरभुरला. आबा टकळी फिरवत समोर बसलेले. त्यांनी तो चुरा नेताना बघितला आणि नेऊ दिला.

एकदाच काकानं वेगळं काही सांगितलं. म्हणाला, लढाईत वरून बाँब पडायचे तेव्हा लोक लेकरंबाळं घेऊन त्या स्टेशनांत खाली येऊन झोपायचे, फलाटावर, ओळीनं. पहाटे तो कामावरून परतताना त्यांच्या पायांमधून वाट काढत यायचा. एक म्हातारी झोपेत त्याचा पाय लागला म्हणून जागी झाली आणि थोडी सरकली, तिला वाटलं याला झोपायला जागा पाहिजे. एवढं सांगून तो बराच वेळ भेंड तासत राहिला. आत शेंगा फोडल्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

दोन वर्षांपूर्वी नातवानं मला पुण्यात जमिनीखालच्या गाडीत बसवलं. सगळं लखलखीत, गार. नातू विचारत होता, आजी भीती वाटते का. मी मात्र फलाटाच्या कडेला वाकून रुळांत काही साठलंय का बघत होते. तिथल्या रखवालदाराला विचारलं, इथं रात्री झाडतं कोण. त्यानं आधी माझ्याकडं आणि मग नातवाकडं बघितलं, म्हातारीला जरा सांभाळा अशा नजरेनं.

पुढं आमचं संस्थान हिंदुस्थानात जाणार की नाही, याच्या धामधुमीचे दिवस आले. गावोगावची माणसं रात्रीतून सरहद्द ओलांडून वऱ्हाडात जायला लागली. आमच्याही गावातली चार-दोन घरं बंद झाली. आबा म्हणाले, मेंढरं घेऊन कुठं जायचं, आणि आम्ही राहिलो. कुठंतरी रूळ उखडले, कुठं सरहद्दीवरचं जकातीचं नाकं जाळलं, अशा बातम्या रोज यायच्या. खऱ्या किती, खोट्या किती, कुणाला कळायचं नाही. रेल्वेतलं काम जाणणारी माणसं पोलीस शोधत होते. आणि कुणीतरी परतूरला जाऊन सांगितलं की अमक्याच्या घरी विलायतेहून आलेला मिस्त्री आहे, तो भिंतीआड सुरुंगाचा नकाशा मांडून बसतो, आणि त्याच्याकडं अशा गाड्या आहेत ज्या या लाईनवर चालतच नाहीत.

अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचा अधिकारी, सकाळीच दोन शिपाई घेऊन आले. काकाला त्यांनी शेतातूनच उचलून चावडीत नेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. तिथं त्याची बराच वेळ चौकशी केली आणि मग त्याला तिथंच बसवून ते आमच्या घराकडं आले. आबा ओसरीवरून उठून उभे राहिले. माय चुलीपाशी होती ती तिथंच थिजली. शिपायांनी वाड्यातला बोगदा बघितला, दोन कौलं पायानं उलटी केली, गाड्या एकेक उचलून ओसरीवर मांडल्या. रूळ वाहायची लांब गाडी उचलतानाच मधून मोडली. अमीनसाहेब उंच, अंगानं किरकोळ, दाढी बारीक कातरलेली. आवाज चढवून बोलले नाहीत. त्यामुळंच जास्त भीती वाटली.

त्यांनी आबांना विचारलं, हे काय आहे. आबा म्हणाले, पोरीचा खेळ आहे. अमीनसाहेब म्हणाले, खेळ असेल तर असल्या गाड्या कुठं असतात, कशाला असतात, ते सांगा. चावडीत तुमच्या मुलानं मला काही सांगितलं आहे. घरातही तेच सांगितलं तर तो खरा. दुसरं काही सांगितलं तर त्याला मी परतूरला नेतो आणि पुढं तो माझ्या हातात राहणार नाही. हे सगळं ते अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत बोलले, पण शब्द न् शब्द कळला. परतूरला नेलेली माणसं पुढं कुठं जातात हे त्या दिवसांत कुणाला विचारायची गरज नव्हती. आबांना त्या गाड्यांची नावंही सांगता आली नसती. ते रोज समोर बसायचे, पण टकळीकडं बघत. पारावरच्या त्या दिवसापासून त्यांनी ते ऐकायचंच नाही असं ठरवलेलं असावं. मी पुढं झाले. मला तर सगळं येत होतं. मी म्हटलं, हे बिजलीचं इंजिन, आणि अमीनसाहेबांनी हात वर केला. "बेटी, तू चुप. बच्चों को पढ़ा के रखते. बड़ों में से कोई बताव."

तेव्हा पडदा हलला आणि काकू उंबऱ्यावर आली. पदर कपाळाच्या खाली ओढलेला, हाताला पीठ. सासऱ्यासमोर तिनं तोवर मोठ्यानं एक वाक्य उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. तिनं जमिनीकडं बघत विचारलं, "कोन्तं सांगू?"

अमीनसाहेबांनी पायानं नव्हे, हातातल्या छडीनं पहिलं इंजिन दाखवलं आणि विचारलं की याला धुराडं का नाही. काकू म्हणाली, "धूर न्हाई त्याला. दिवसा रुळातली बिजली खातं. रात्री रुळातली बंद केली का पोटातली वापरतं. मेंढरू दिवसा चरतं आन् रात्री रवंथ करतं, तसं." मग ते म्हणाले, हा सुरंग, म्हणजे बोगदा, कुठला. ती म्हणाली, "लंडनचा. वर घरं हायेत, खाली गाड्या." त्यांनी माझ्या लुगड्यातल्या बायका उचलल्या. तिनं सांगितलं की रात्री या आत उतरून केस आणि तूस काढतात. लोकर पिंजली का आढ्याला तूस धरतो, तसा तिथं रुळांत धरतो, आणि पेटतो. शिपाई एकमेकांकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, "औरतां?" ती म्हणाली, "हाव, बायाच. विजारी घालतात, पर पोरीनं लुगडं नेसवलंय."

शेवटी अमीनसाहेबांनी बर्फाचं इंजिन उचललं. उलटं करून पोटाखालचे केसांचे ब्रश बघितले आणि विचारलं की हे काय. माझ्या मनात आलं, हे तिला नाही सांगता येणार, ते तर सगळ्यांत अवघड. काकूनं हाताचं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाली, "तिकडं लई गारठा पडतो. रुळावर थर धरतो, तूप थिजल्यावानी. मंग हे पहाटं पुढं जातं आन् उलथन्यानं खरवडावं तसं खरवडतं. मागून काहीबाही शिंपडतं, पुन्हा थिजू न्हाई म्हणून. दोन जुने डबे कापून, पाठीला पाठ लावून केलंय. खरवडताना निळी ठिणगी पडती, घरं दिसत्यात."

अमीनसाहेबांनी ते इंजिन तसंच हातात धरून ठेवलं होतं. मग ते शिपायांना म्हणाले, "बराबर बोल रही." आणि आबांकडं वळून म्हणाले, "तुम्हारा लड़का बी यहीच बोला. तूप नहीं बोला, बाकी पूरा यहीच." जाताना त्यांनी बर्फाचं इंजिन बरोबर घेतलं, वर दाखवावं लागतं म्हणाले. पण ते शिपायाकडं दिलं नाही. स्वतःच दोन्ही हातांत धरून, ब्रश चेंगरणार नाहीत अशा बेतानं घेऊन गेले. त्यांच्या घरी लहान मूल होतं की काय, कोण जाणे.

काका उन्हं डोक्यावर आल्यावर आला. गालावर वळ होता. मायनं भाकरी आणि येसराची आमटी वाढली. तो जेवला. आबा खांबाला टेकून बसले होते, पण टकळी हातात घेतली नव्हती. मोडलेली लांब गाडी आणि बाकीच्या तशाच ओसरीवर मांडलेल्या. चावडीत अमीनसाहेबांनी त्याला सोडताना सांगितलं असणार, कारण हात धुऊन तो जागेवर बसला आणि थोड्या वेळानं, आबा समोर असताना, दाराकडं तोंड करून म्हणाला, "अगं, तू तूप म्हणालीस म्हणे."

मायच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. त्यानं बायकोला असं उघड हाक मारलेली आमच्या घरात कुणी ऐकलेली नव्हती. मग पडद्याआडून काकूचा आवाज आला. "दुसरं काय म्हनणार व्हते? बर्फ मी कुठं पाह्यलंय."

मला वाटलं काका हसेल, पण त्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. ती आतूनच पुढं म्हणाली, "तुम्ही पोरीला सांगायचे. मी कडंला बसून ऐकायचे. मला कुठं सांगितलं कधी?" तिचा आवाज चढला नव्हता. भांडण नव्हतं ते. तो म्हणाला, "पोरीला एवढ्या मोठ्यानं सांगावं लागतं व्हय?"

आता इतक्या वर्षांनी हे लिहिताना मला नीट कळतं की ज्वारीच्या धांड्याच्या त्या गाड्या माझ्यासाठी नव्हत्याच. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्यामुळं निदान दोघांच्या मध्ये बसायला कुणीतरी होतं. पुढच्या वर्षी काकाला हुकूम आला, दोघं कारखान्याच्या गावी गेले, त्यांना मुलं झाली, काकूनं तिथं रेल्वेच्या चाळीत चाळीस वर्षं संसार केला आणि ती त्याच्या आधी गेली. त्यांची मुलं मला भेटतात तेव्हा सांगतात की आई-बाप जेवताना सारखे बोलत असायचे, ऐकून कंटाळा यायचा.

त्या दुपारी मात्र काकू उंबरा ओलांडून बाहेर आली आणि खांबाच्या या बाजूला, भुईवर बसली. पदर तसाच पुढं होता. तिनं विचारलं ते गाड्यांबद्दल नव्हतं. तिनं विचारलं, "तिकडं भाकरी कोन करून घालायचं तुम्हाला?" काकानं गुडघ्यावर हात ठेवले आणि सांगायला सुरुवात केली, या वेळी हळू आवाजात. मी ऐकायला पुढं सरकले.

आबा उठले. कोपऱ्यातली काठी घेतली, पायताण घातलं आणि मला म्हणाले, "चल, बैल पाण्यावर न्यायचेत." मी म्हटलं, बैल तर सकाळीच पाजलेत. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, मायला म्हणाले मेंढरांना पाला आण, आणि माझ्या हाताला धरून ओसरीच्या खाली उतरले. दावणीची बैलजोडी सोडून आम्ही ओढ्यावर गेलो. बैलांनी पाण्याला तोंड लावलं नाही, त्यांना तहान नव्हती. ते नुसते पाण्यात पाय घालून उभे राहिले. आबाही काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले, घराकडं पाठ करून, आणि उन्हं उतरेपर्यंत मला त्यांनी मागं वळू दिलं नाही.